आधी जेवणाची जागा ठरवा, मग मुंबई

लोणार तालुक्यातले सुलतानपूर मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर आहे. लोणारचे सरोवर पाहायला निघालेली माणसे इथूनच आत वळतात, त्यामुळे बाहेरगावचा पर्यटक या गावाला नवा नाही. गावातले कुटुंब स्वतः पर्यटक होऊन मुंबईला निघाले, की बेताचा कागद मात्र ठरलेलाच असतो. गेटवे, राणीची बाग, हाजी अली, सिद्धिविनायक, जुहूची चौपाटी, जमले तर नटांचे बंगले. राहायचे नातेवाइकाकडे किंवा लॉजवर, आणि जेवणाचे तिथे गेल्यावर पाहू. हा क्रम उलटा करावा, असे माझे म्हणणे आहे. दिवसाचे मुख्य जेवण कोणत्या भागात आणि कोणाच्या हातचे घ्यायचे, हे आधी ठरवावे. त्या जेवणाच्या आसपास पायी जे पाहता येईल ते पाहावे आणि बाकीचे पुढच्या खेपेला ठेवावे. खवय्येगिरीचा शौक म्हणून मी हे सुचवत नाही. मुंबईचा नकाशा आणि तिच्या पोटाचा इतिहास, दोन्ही याच निष्कर्षाकडे नेतात.

आधी नकाशा पाहू. सात बेटे जोडून झालेले हे शहर उत्तर-दक्षिण लांब आणि पूर्व-पश्चिम अरुंद आहे. मध्य आणि पश्चिम रेल्वेचे रूळ त्याच लांबीने धावतात. सकाळचा लोंढा उपनगरांतून दक्षिणेकडे येतो आणि संध्याकाळी परततो. कुलाब्याचा गेटवे आणि जुहूची चौपाटी एकाच दिवसात बसवणारा माणूस हे सगळे अंतर गर्दीच्या वेळी कापतो, म्हणजे दिवसातले चांगले तास गाडीच्या खिडकीत घालवतो. त्यात दुपारी एक वाजता मुले आणि म्हातारी माणसे भुकेने कासावीस होतात. मग समोर दिसेल त्या हॉटेलात शिरावे लागते आणि पानात पडते ती महामार्गावरच्या ढाब्यावर मिळते तीच पनीरची भाजी. जेवण आधी ठरले असेल तर दिवसाचा विभाग आपोआप ठरतो, चालणे बेताचे होते आणि बसायची जागा वेळेवर मिळते.

दुसरे कारण मला अधिक मोलाचे वाटते. मुंबईत बाहेर जेवणे चैनीतून सुरू झाले नाही, ते एकट्याने आलेल्या माणसांच्या गरजेतून सुरू झाले. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये पहिली कापडगिरणी काढली आणि पुढच्या काही दशकांत कोकण-घाटावरचे हजारो पुरुष बायकामुलांना गावी ठेवून गिरणगावात आले. एकेका खोलीत कितीतरी जण पाळीपाळीने झोपत. त्यांना घरच्या चवीचे जेवण घातले ते खानावळवाल्या बायकांनी. स्वतःच्याच चुलीवर गिरणीकामगारांचे डबे रांधणाऱ्या या बायका सावकाराच्या व्याजात पिचत होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे करून त्यांना बँकेच्या कर्जाची वाट मोकळी करून दिली. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, तो मोडला आणि गिरणगावाचे रूपच पालटले. मराठी खानावळीचा हा इतिहास दादर-परळच्या साध्या थाळीत अजून चाखता येतो, आणि माझ्या दृष्टीने तो कोणत्याही पुतळ्याइतकाच प्रेक्षणीय आहे. इतरांचेही असेच. इराणच्या यज्द-किरमान भागांतून आलेल्या झरतुष्ट्री लोकांनी नाक्यानाक्यावर चहा-पावाची दुकाने थाटली. मेट्रो सिनेमाजवळचे कयानी १९०४ चे आहे. दक्षिण कानडा जिल्ह्यातून आलेल्यांनी माटुंग्याला उडुपी जेवण रुजवले. रामा नायक यांचे श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून केळीच्या पानावर वाढते आहे. वडापावचा मान बहुतेक जण दादर स्टेशनाबाहेर १९६६ मध्ये गाडी लावणाऱ्या अशोक वैद्य यांना देतात. पाव पोर्तुगीजांच्या वाटेने आला आणि बटाट्याचा वडा आपला. शहर कोणकोणत्या हातांनी उभे राहिले, हे असे ताटात वाचता येते.

आता फोर्टचा दिवस घेऊ, कारण सुलतानपूरच्या माणसाचे या भागाशी जुने देणेघेणे आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि हिंदुस्थानी कापसाचे भाव आभाळाला भिडले. तो कापूस मुंबई बंदरातून जात होता आणि त्यात वऱ्हाडचा वाटा मोठा होता. युद्ध १८६५ मध्ये संपताच भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या. पण मधल्या चार वर्षांत आलेल्या पैशाने मुंबईचा चेहरा बदलून टाकला होता. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात जुन्या किल्ल्याची तटबंदी पाडली गेली आणि मोकळ्या झालेल्या जागेवर पुढे गॉथिक इमारतींची रांग उभी राहिली. कापसाच्या व्यापारात अमाप कमावलेल्या प्रेमचंद रायचंद यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी आणि मनोऱ्यासाठी पैसा दिला. १८७८ मध्ये पुरा झालेल्या त्या मनोऱ्याला त्यांच्या आईचे, राजाबाईंचे नाव आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली ती आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातल्या मलकापूर, नांदुरा, शेगाववरून. खामगावच्या कापूस बाजारासाठी १८७० मध्ये खास फाटा टाकला गेला. त्याच रेल्वे कंपनीचे मुख्यालय म्हणून फ्रेडरिक स्टीव्हन्स यांनी बांधलेली वास्तू म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. युनेस्कोने २००४ मध्ये तिला जागतिक वारसा ठरवले. ‘साहेबाने बांधलेली सुंदर इमारत’ एवढे सांगून मुलांना तिथून पुढे नेऊ नये. आपल्या काळ्या जमिनीतल्या बोंडांनी तिचा खर्च सोसला, हे त्यांना तिथेच उभे राहून सांगावे. टर्मिनसपासून हुतात्मा चौक, राजाबाई मनोरा, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि १९२४ मध्ये खुले झालेले गेटवे ऑफ इंडिया, ही सगळी वाट सावकाश चालत एका दिवसात होते. मधल्या जेवणाला फोर्टातलेच एखादे उडुपी किंवा इराणी हॉटेल धरावे.

दुसरा दिवस दादर-माटुंग्याला द्यावा. चैत्यभूमी, बाबासाहेबांनी ग्रंथांसाठी बांधलेले हिंदू कॉलनीतले राजगृह, शिवाजी पार्क आणि माटुंग्याचा फुलबाजार एकमेकांपासून लांब नाहीत. सकाळी दादरच्या मराठी उपाहारगृहात मिसळ किंवा थालीपीठ, दुपारी माटुंग्याला पानावरचे जेवण. १९८६ पासून चालणाऱ्या आस्वादच्या मिसळीला २०१५ मध्ये लंडनमध्ये शाकाहारी पदार्थाचा पुरस्कार मिळाला. तरी पुरस्कारापेक्षा तिथल्या रांगेतली घरगुती माणसे मला अधिक भरवशाची खूण वाटते. तिसरा दिवस असेल तर गिरगाव. १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसवणारी केशवजी नाईकांची चाळ, खोताची वाडी, गांधीजींचे वास्तव्य राहिलेले मणिभवन, आणि दिवस मावळताना चौपाटी.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा येईल, आणि तो रास्त आहे. सोयाबीनचा भाव पाहून सहलीचा विचार करणाऱ्या घराला हॉटेलचे बिल जड जाते. पण मी सुचवतो आहे त्या जागा मुळात कामगार-कारकुनांसाठी निघालेल्या आहेत. दिवसात एकच जेवण नीट निवडावे; सकाळ-संध्याकाळ वडापाव, इडली किंवा घरून नेलेल्या दशम्या-चटणीवर भागते. खरा पैसा जातो तो लांबलांबच्या टॅक्सीवर, आणि विभागवार बेतात तोच वाचतो. दुसरा आक्षेप माळकरी घरांचा. त्यांनी इराण्याकडे जाऊ नये हे बरे, कारण तिथे अंडी आणि मांस त्याच भटारखान्यात शिजते. माटुंगा, दादर, गिरगाव हे तिन्ही भाग मात्र शाकाहारी माणसाची कुठेच अडचण करत नाहीत. तिसरा आक्षेप असा, की एवढ्या लांब जायचे आणि निम्मी मुंबई सोडून यायचे? मी म्हणेन, खुशाल सोडावी. वेरूळची लेणी सुलतानपूरहून मुंबईपेक्षा कितीतरी जवळ आहेत. ती पाहिलेल्याने पहिल्या खेपेत घारापुरी गाळली तर फारसे बिघडत नाही. तिथली महेशमूर्ती अलौकिक आहे, पण बोट आणि पायऱ्यांत अख्खा दिवस जातो. जुहूचा हट्ट मुलांनी धरलाच तर एक संध्याकाळ त्यांची. तो हट्ट मोडण्यात अर्थ नाही.

गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ मध्येच ‘मुंबईचे वर्णन’ लिहून या शहराचे बाजार, देवळे, माणसे आणि चालीरीती मराठी वाचकापुढे ठेवल्या. माणसांकडून शहराकडे जाण्याची ती दृष्टी आपल्याकडे दीडशे वर्षांहून जुनी आहे. ‘पॉइंट’ मोजत फिरण्याची सवय त्या मानाने अलीकडची.

प्रवासाची बाजू आता पुष्कळ सोपी झाली आहे. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला शेवटच्या टप्प्यासह पुरा झाला. मेहकरला त्यावर चढले की थेट भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत जाता येते. रेल्वेने जायचे तर जालना जवळ पडते आणि तिथे सकाळी मिळणारी वंदे भारत दुपारी मुंबईत पोचवते. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. रात्रीचा रस्ता मात्र टाळावा. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बस पेटून २५ प्रवासी गेले. आपल्या जिल्ह्याने ते विसरता कामा नये. मुंबईत गेल्यावर आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण सुरू आहे आणि तिच्यावर दादर, सिद्धिविनायक, गिरगाव, शिवाजी महाराज टर्मिनस आणि हुतात्मा चौक अशी स्थानके आहेत. सरकते जिने आणि लिफ्ट असल्याने गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांसाठी लोकलपेक्षा तीच बरी. मुक्काम दादर किंवा त्याच्या दक्षिणेला करावा, म्हणजे सकाळच्या लोंढ्यात चिरडावे लागत नाही. वार पाहून निघावे: राणीची बाग आणि तिच्या आवारातले भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असते, घारापुरी सोमवारी. ६ डिसेंबरच्या, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनाच्या आसपास दादरला जायचे ते अभिवादनासाठीच जावे. नुसत्या सहलीसाठी जाणाऱ्यांनी ते दिवस सोडून बेत करावा.