सात नंबरचा फॉर्म, साल 2071

विज्ञानकादंबरीत यंत्र शोधायला फारसा वेळ लागत नाही. ते दुपारच्या चहापर्यंत तयार होतं. पुढचे महिने खातो तो ते यंत्र चालवणारा माणूस. त्याला पगार कोण देतं, सही कुणाची लागते, लाईट गेली की तो काय करतो, हे ठरेपर्यंत कादंबरी हलत नाही.

सध्या जी लिहितोय तिच्यात साल 2071 आहे आणि घनसावंगी तालुक्यात ढग आवर्तनाने वाटले जातात. कल्पना आकाशातून पडलेली नाही. तालुक्याच्या गोदाकाठच्या भागात जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी असंच येतं. नमुना नंबर 7 चा अर्ज भरायचा, पाणीपट्टीची बाकी मिटवायची, मग पाळीची वाट बघायची. हेडचा शेतकरी ऊस भिजवून मोकळा होतो. टेलचा रात्री बॅटरी घेऊन चारीवर बसतो, कारण वर कुणी दार उचललं तर खाली धारही पोचत नाही. मी फक्त कालवा उचलून आभाळात नेला. या प्रकारच्या लेखनात थाप एकच मारायची असते. बाकी सगळं खरं ठेवायचं. जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये तेच केलं. विश्वासरावांना लागलेली गोळी तेवढी चुकवली, पुढचा सगळा इतिहास तिच्यामागे आपोआप वळला.

थाप एकच असली तरी तिच्या खालचं विज्ञान पक्कं लागतं. 2015 आणि 2019 मध्ये औरंगाबादहून विमानं उडाली, मराठवाड्यावरच्या ढगांत क्षार सोडले गेले. तेव्हा गावोगाव लोक माना वर करून उभे असायचे, आणि विमान गेलं की पाऊस का नाही, म्हणून चिडायचे. कोरड्या आभाळातून पाऊस काढता येत नाही. आधी ढग लागतो, तोही पाण्याने भरलेला. विमान त्याच्या तळाशी जाऊन मिठासारख्या क्षाराची नळकांडी पेटवतं. त्या कणांवर मोठे थेंब धरतात, लहानांना गिळत वाढतात आणि जड झाले की खाली येतात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेने 2018 आणि 2019 मध्ये सोलापूर भागात केलेल्या प्रयोगांतून पावसात सरासरी 18 टक्के वाढ सांगितली. 18 टक्के! शास्त्रज्ञाला समाधान वाटेल असा आकडा, आणि कादंबरीकारालाही, कारण एवढ्याशा वाढीवर भांडण मात्र पूर्ण शंभर टक्के होतं.

पहिल्या खर्ड्यात मी जांबसमर्थच्या माथ्यावर क्षार सोडला आणि जांबसमर्थच्याच कपाशीवर पाऊस पाडला. प्रकरण आमच्या शेजारच्या काकांना वाचून दाखवलं. काका पाटकरी, म्हणजे कालव्याचं पाणी पाळीने सोडणारे, म्हणून रिटायर झाले. डोळे मिटून ऐकत होते.

“वारा कुन्या दिशीला हाय, सर?”

पावसाळ्यातला वारा, म्हणजे पश्चिमेकडून.

“मंग ढग काय थांबून बरसतो का? थेंब तयार व्हयीस्तोवर त्यो परतूरकडं जातो. फॉर्म भरनार जांबवाला, भिजनार परतूरवाला. पट्टी कुनाच्या नावावर टाकता?”

त्या प्रश्नाने प्रकरण मोडलं आणि कादंबरी उभी राहिली. आता तिच्यात ढगांचा पाटकरी आहे, त्याच्याकडे वाऱ्याचं रजिस्टर आहे, आणि परतूरच्या लोकांवर फुकट भिजल्याची वसुली निघालेली आहे.

पहिला खर्डा मी फोनला तोंडी सांगतो. फोन ‘पाटकरी’चं दरवेळी ‘पाटकर’ करतो, त्यामुळे 2071 मध्ये आमच्या कालव्यांवर एकाच आडनावाचं राज्य असल्यासारखं दिसतं. दुसरा खर्डा शाईने, हाताने. याबाबतीत मला गाववाल्यांचाच आधार आहे. समर्थ रामदासांचा जन्म जांबचा, 1608 चा. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे, आणि त्यात अध्यात्म जवळजवळ नाही. अक्षर कसं काढावं, ओळींत अंतर किती, बोरू कसले आणावेत, शाईचा साठा कसा करावा, मेणकापड आणि कुलूपबंद पेट्या का हव्यात, असा सगळा कारखान्याचा हिशेब आहे. कागदाच्या चारी बाजूंनी जागा सोडायला सांगितलीय, का तर कडा झिजून गेल्या तरी अक्षराला धक्का लागू नये. शेकडो वर्षांनंतर हा कागद कसा फाटेल याचा विचार करून समास आखणारा माणूस माझ्या धंद्यातलाच वाटतो.

आमची पेटी मात्र कच्ची निघाली. माझी पहिली कथा युनिकोडच्या आधीच्या फाँटात टाइप झालेली. ते फाँट रोमन अक्षरांच्या घरांत मराठी आकार बसवायचे. आज फाँट नाही, म्हणून फाईल उघडली की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. तीच कथा छापलेला दिवाळी अंक कपाटात आहे. कसर लागलीय, पण वाचता येतो.

हस्ताक्षराचा एक तोटाही आहे, ते ओळखू येतं. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, आद्याक्षरं उलटी करून. अक्षरावरून कुणी ओळखू नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं. नावाच्या वजनाशिवाय कथा उभी राहते का, हे पाहण्याची ही त्यांची रीत मला फार आवडते. आमच्याकडे वजन काढून ठेवण्याएवढं नावच नाही, त्यामुळे काकांवर भागवतो.

परवा त्यांना नवं प्रकरण वाचून दाखवलं. वसुली, रजिस्टर, टेलवाल्यांचा मोर्चा, सगळं त्यांना पटलं. मग म्हणाले, “मागनीचा रकाना झाला. नको म्हनायचा कुठंय?”

2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात शेतं तळ्यासारखी भरली होती. ते डोळ्यांसमोर ठेवूनच काका बोलत होते. कालव्याचं पाणी नको असेल तर माणूस अर्ज करत नाही, विषय संपला. ढगाचं तसं नाही. शेजाऱ्याने मागितलेला पाऊस तुमच्या फुटलेल्या बोंडांवरही पडणार. म्हणजे हरकतीचा अर्ज हवा, त्याला मुदत हवी, आणि हरकतींवर सुनावणी होईपर्यंत ढग थोपवून धरणारं काहीतरी हवं. ढग थोपवला तर ती दुसरी थाप होते, आणि ती मला मारायची नाही. तेव्हा सध्या सुनावणी अकरा मिनिटांत उरकणारा तहसीलदार लिहायला घेतलाय. काकांना तो अजून वाचून दाखवलेला नाही. तहसीलदार त्यांना पटायचा नाही, असा अंदाज आहे.