गोठ्यातले संग्रहालय

गेल्या वर्षी एक विद्यार्थी वर्गात गिटारीसारखे, चार तारांचे चिमुकले वाद्य घेऊन आला. त्याचे नाव युकुलेले. १८७९ साली मदेरा बेटावरचे पोर्तुगीज उसाच्या मळ्यांत राबायला हवाई बेटांवर गेले. त्यांच्या छोट्या गिटारीपासून हे वाद्य तेथे घडले आणि हवाईची ओळखच होऊन बसले.

“सर, आपल्या कोकणात असे काय आहे?” त्याने विचारले.

“चित्रकथी. पण ती आता नामशेष झाल्यातच जमा!” मी थाटात सांगून टाकले.

“तुम्ही पाहिलीत?”

काय सांगता, वाचकहो! वीस वर्षे शिकवतो आहे, पण पाहिली कुठे होती? मान खाली गेली. नाताळच्या सुटीत मुलाबाळांसह रत्नागिरीहून निघालो आणि कुडाळजवळचे पिंगुळी गाठले.

येथल्या ठाकर मंडळींनी सावंतवाडीच्या राजाश्रयाखाली ही कला जोपासली. रामायण-महाभारतातील प्रसंगांची, कागदावर रंगवलेली चित्रे एकामागून एक पुढे धरायची आणि वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीवर कथा गाऊन सांगायची. चित्रांच्या संचाला म्हणतात ‘पोथी’. पुढे राजाश्रय संपला, सिनेमा आला, दूरदर्शन आले. देवळातली पोथी पाहायला कोण थांबणार?

परशुराम विश्राम गंगावणे यांनी मात्र ही वाट सोडली नाही. जुन्या पोथ्या, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या, वाद्ये त्यांनी सांभाळली आणि २००६ साली चक्क गुरांच्या गोठ्यात संग्रहालय थाटले. त्यांच्या मुलांनीही हीच वाट धरली. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सन्मान उशिरा आला. पण तोवर कला गोठ्याच्या आसऱ्याने तगली होती.

त्या अंगणात वीणेची तार छेडली गेली, चित्रातला रावण बोलू लागला आणि आमची धाकटी आईला बिलगली. नामशेष झालेली कला पोरीला भेडसावते होय?

परत आल्यावर वर्गात मी माझे वाक्य मागे घेतले. एखादी कला मेली असे आम्ही शहाणे लोक म्हणतो, तेव्हा ती पाहायला जाण्याचे कष्ट तेवढे वाचवत असतो. आणि आमचे ऐकून पोरेही जात नाहीत.

तो विद्यार्थी मे महिन्यात पिंगुळीला जाऊन आला. युकुलेले घेऊनच गेला होता म्हणे!