ध्रुवाआडचे शेजारी

शाळेच्या भिंतीवरील नकाशात उत्तरेचा मुलूख इतका ताणून दाखविलेला असतो की, नॉर्वेच्या स्वालबार द्वीपसमूहातील लाँगइयरबीन आणि अलास्काच्या उत्तर टोकाचे उत्कियाग्विक, म्हणजे २०१६ पर्यंत ज्यास बॅरो म्हणत ते गाव, ही दोन ठिकाणे जगाच्या दोन कडांना भिरकावून दिल्यासारखी भासतात. परंतु नकाशा बाजूस सारून पृथ्वीचा गोल हाती घेतला, तर दोहोंच्या रेखांशांत सुमारे १७२ अंशांची तफावत असल्यामुळे त्यांना जोडणारी सर्वांत आखूड रेषा उत्तर ध्रुवाच्या निकटून, शंभर-सव्वाशे किलोमीटरांवरून जाते असे आढळेल. हिशेब सोपा आहे: ध्रुवापासून पहिले गाव पावणेबारा अंशांवर, दुसरे पावणेएकोणीस अंशांवर, आणि दर अंशास १११ किलोमीटर, म्हणजे एकूण अंतर सुमारे ३,३८० किलोमीटर भरते.

ताशी आठशे किलोमीटर वेगाच्या विमानास, चढण्या-उतरण्याचा अवधी जमेस धरून, एवढ्या मजलीस पावणेपाच तास पुरावेत. गंमत अशी की, उत्कियाग्विकची घड्याळे दहा तास मागे असल्याने लाँगइयरबीनहून भर दुपारी निघालेला प्रवासी त्याच दिवशी सकाळी सातच्या सुमारास तेथे उतरेल!

हा मार्ग उलट दिशेने, म्हणजे अलास्काकडून स्वालबारकडे, प्रत्यक्ष आक्रमिला तो १९२८ च्या एप्रिलमध्ये ह्यूबर्ट विल्किन्स आणि त्याचा वैमानिक कार्ल बेन आयेलसन यांनी, एका इंजिनाच्या लॉकहीड व्हेगा विमानातून. ते ध्रुवावरून नव्हे, तर कॅनडाच्या बाजूने त्यास वळसा घालून गेले. त्या प्रदेशात रेखांश एकमेकांकडे इतके झपाट्याने सरकतात आणि होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून इतकी ढळलेली असते की, नाक एकाच दिशेस धरून सरळ जाणे शक्यच नसते. दिशा वारंवार नव्याने बांधावी लागते, आणि विल्किन्सचे खरे कसब मला याच गणितात दिसते. वीस तासांहून अधिक उड्डाणानंतर वादळाने त्यांना एका निर्जन बेटावर उतरविले, आणि पाच दिवस विमान हेच त्यांचे घर झाले. हवा निवळल्यावर बर्फात रुतलेले विमान ढकलण्यासाठी विल्किन्स खाली उतरला, तो विमान त्याला मागे टाकून उडाले. आयेलसन परत आला, पुन्हा तोच प्रकार घडला, आणि तिसऱ्या खेपेस मात्र दोघेही निघाले. पुढचा ग्रीन हार्बरचा मुक्काम थोडक्याच अंतरावर होता. ज्या खाडीच्या परिसरात लाँगइयरबीन वसले आहे, तिच्याच एका फाट्यावर.

आज दोन्ही गावी सुसज्ज धावपट्ट्या आहेत, नियमित विमाने आहेत; मात्र या दोहोंच्या दरम्यान नियमित विमानसेवा नाही. अवघ्या काही हजार वस्तीच्या गावांसाठी हिमसागरावरून विमान चालविणे कोणत्याही कंपनीच्या जमाखर्चात बसत नाही. स्वालबारमधील ‘हिमाद्री’ या भारतीय केंद्राकडे जाणारे गोव्याच्या ध्रुवीय संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञही दक्षिणेकडूनच लाँगइयरबीनला पोहोचतात. उत्कियाग्विकला जाऊ इच्छिणाऱ्याने प्रथम उलट दिशेने सुमारे दोन हजार किलोमीटर ऑस्लोला उतरावे, मग अटलांटिक ओलांडून अमेरिका गाठावी, तेथून अँकरेज, आणि शेवटी पुन्हा उत्तरेस हजाराहून अधिक किलोमीटर जावे. पावणेपाच तासांच्या वाटेस असे सहज एक-दोन दिवस लागतात.