पिन बसली म्हणजे अडॅप्टर जुळला असं नाही

आज आपण अशा एका नुकसानाबद्दल बोलणार आहोत, जे होताना फारसा आवाजही होत नाही. गटाच्या यंत्राचा अडॅप्टर सापडत नाही म्हणून कुणीतरी घरातला दुसरा आणून लावतं. पिन बरोबर बसते. क्षणभर दिवा लागतो, जळका वास येतो आणि यंत्र बंद पडतं. मग बैठकीत ‘कुणी लावला’ यावर तासभर चर्चा होते, पण ‘आत नेमकं काय गेलं’ हे कुणी विचारत नाही. आम्ही आज या दुसऱ्या प्रश्नावर बोलणार आहोत.

उदाहरण घेऊ अंडी उबवण्याच्या छोट्या पेटीचं. परसातल्या कोंबड्या पाळणाऱ्या बऱ्याच गटांकडे आता अशी पेटी असते. साडेसदतीस अंशांच्या आसपास ऊब, एकवीस दिवस, आणि हे सगळं सांभाळणारा तळहाताएवढा एक बोर्ड. हा बोर्ड बहुधा १२ व्होल्टवर चालतो. आता घरात काय काय असतं बघा. पाण्याच्या आरओ फिल्टरचा अडॅप्टर बहुतेक वेळा २४ व्होल्टचा, वायफायच्या डब्याचा १२ किंवा ९ व्होल्टचा, आणखी कशाचा तरी ५ व्होल्टचा. आणि पुष्कळदा या सगळ्यांची गोल पिन सारखीच, बाहेरून साडेपाच मिलिमीटरची. पिनेच्या आकाराचा आणि व्होल्टेजचा काडीचाही संबंध नाही. बनवणाऱ्यांची सोय झाली आणि निस्तरायचं मात्र आपल्याला.

अडॅप्टरच्या पाठीवर बारीक अक्षरांत इनपुट आणि आउटपुट असं लिहिलेलं असतं. आपण बघायचं ते आउटपुट. तिथे व्होल्ट आणि अँपिअर असे दोन आकडे असतात. शेतातल्या ठिबकवर हे चटकन समजतं. व्होल्ट म्हणजे नळीतला दाब. दाब दुप्पट केला तर ड्रिपर उडतात, नळी फाटते. अँपिअर म्हणजे मोटर जास्तीत जास्त किती पाणी देऊ शकते ते. मोटर मोठी असली आणि दाब तेवढाच राहिला, तर नळ्या त्यांना हवं तेवढंच पाणी घेतात. म्हणून व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, आणि अँपिअर यंत्रावर लिहिलेत तेवढे किंवा त्याहून जास्त चालतात. शेजारी एका छोट्या चित्रात अधिक-उणे दाखवलेलं असतं. बहुतेक पिनांत मधे अधिक असतं, पण काहींत उलटं. तेही जुळवायचं.

व्होल्टेज दुप्पट झालं की उष्णताही दुप्पट होईल असं आपल्याला वाटतं. बोर्डावरच्या रिलेच्या गुंडाळीत ती चौपट होते. म्हणून इतक्या लवकर वास येतो.

पेटीत अंडी असताना असं झालं, तर बोर्ड नंतर, आधी अंडी. झाकण उघडू नका. वरून गोधडी टाका, पण हवेची भोकं मोकळी ठेवा. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून पेटीला बाहेरून लावा. पंधरा-सोळा दिवस झाले असतील तर आतली पिल्लं स्वतःही थोडी ऊब तयार करतात. थोडा वेळ ऊब कमी झाली म्हणून सगळी अंडी गेली असं समजून ती टाकून देऊ नका.

आता बोर्ड. चुकीचं व्होल्टेज आलं म्हणजे सगळा बोर्ड मेला, असं नसतं. वीज पिनेतून आत शिरते आणि एकेक भाग ओलांडत शेवटी मुख्य आयसीपर्यंत, म्हणजे यंत्राच्या मेंदूपर्यंत जाते. वेशीवरचे भाग पुष्कळदा स्वतः जळून आतल्यांना वाचवतात. काही तर त्यासाठीच बसवलेले असतात. म्हणून तपासणी वेशीपासून आत करायची. त्यासाठी गटाकडे एक साधा मल्टिमीटर हवा. दोन-चारशे रुपयांत येतो, आणि आमच्या मते हा खर्च गटाच्या पहिल्या खर्चांत धरायला हरकत नाही.

पण हात लावण्याआधी एक गोष्ट. बोर्ड १२ व्होल्टचा असला तरी त्याच्या रिलेवरून पेटीतल्या बल्बची २३० व्होल्टची वायर जाते. तेव्हा अडॅप्टर, बॅटरी आणि भिंतीतला प्लग, तिन्ही काढल्याशिवाय बोट लावायचं नाही. नुसतं बटण बंद केलं म्हणजे झालं असं नाही.

आधी नुसता बघा आणि हुंगा. उभ्या डबीसारखे छोटे कपॅसिटर असतात, त्यांचं डोकं सपाट हवं. फुगलं असेल तर तो गेला. त्याच्या अंगावर १६ व्होल्ट लिहिलेलं असेल आणि आपण २४ दिले, तर दुसरं काय होणार? काळा डाग, तडकलेली आयसी, पिवळा पडलेला बोर्ड हेही खुणेचे.

मग मल्टिमीटर ‘बीप’वर ठेवून पिनेच्या खोबणीतल्या अधिक आणि उणे टोकांना दोन्ही कांड्या लावा. क्षणभर वाजून थांबला तर ठीक, कपॅसिटर भरत असतो. सतत वाजत राहिला तर आत शॉर्ट आहे. हे ऐकून घाबरायला होतं, पण बऱ्याचदा ही बातमी चांगली असते. वेशीवरचा रक्षक डायोड शॉर्ट होऊन बसलेला असतो. मेकॅनिकने तो काढून पाहिला आणि बीप थांबली, तर काही रुपयांत काम होतं. फ्यूजचं उलटं असतं. त्याच्या दोन टोकांना कांड्या लावल्यावर बीप वाजली तर फ्यूज शाबूत. गेलेल्या फ्यूजवर तार किंवा चॉकलेटची चांदी गुंडाळण्याचा उद्योग कृपा करून करू नका. तो का उडाला हे कळल्याशिवाय नवा बसवणंही व्यर्थ आहे.

शॉर्ट नसेल तर योग्य १२ व्होल्टचा अडॅप्टर लावा. भिंतीतला प्लग अजूनही बाहेरच. आता बोर्डावर तीन पायांचा रेग्युलेटर शोधा. १२ व्होल्ट घेऊन मेंदूसाठी ५ किंवा ३.३ व्होल्ट करणारा हा भाग. त्यावर ७८०५ किंवा १११७ असे आकडे असतात. ७८०५ पस्तीस व्होल्टपर्यंत तग धरतो. १११७ या घराण्यातले भाग बहुधा पंधरा-वीस व्होल्टच्या पुढे टिकत नाहीत. त्याच्या बाहेर पडणाऱ्या पायावर ५ किंवा ३.३ दिसले, तर मेंदू वाचल्याची चांगली शक्यता आहे. काहीच दिसत नसेल आणि रेग्युलेटर चटका देत असेल, तर तो गेला किंवा त्याच्या पुढे काहीतरी शॉर्ट आहे. आणि तिथे सरळ १२ दिसले तर थांबा. रेग्युलेटर आरपार फुटून सगळा दाब मेंदूवर गेला आहे. तापमानाचा असा बोर्ड काहीशे रुपयांत नवा मिळतो, तेव्हा त्यावर दुरुस्तीचा खर्च करू नका. नवा बसवला की रिकामी पेटी एक दिवस चालवा, आत वेगळा थर्मामीटर ठेवून. मगच अंडी.

सुटे भाग पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत आणि आसपासच्या बोळांत मिळतात. दगडूशेठ गणपतीपासून चालत जाता येतं. जळलेला भाग फेकू नका, पुडीत बांधून न्या, त्याच्यावरचा नंबर कागदावर लिहून न्या. आणि यंत्र नेलंत तर चुकीचा अडॅप्टरही बरोबर न्या. ‘आपोआप बंद पडलं’ असं सांगितलं की मेकॅनिक दुसरीकडेच शोधत बसतो. काउंटरवरचा कुणी ‘भाऊंना पाठवा’ म्हणाला, तर नंबरची चिठ्ठी समोर ठेवावी. संवाद लगेच सुधारतो. शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेला विज्ञान आश्रम खेड्यातल्या मुलामुलींना विजेची आणि दुरुस्तीची कामं शिकवत आला आहे. गटातल्या एखादीच्या मुलीला या कामाची आवड असेल तर तिथे चौकशी करावी.

अडॅप्टर बरोबर, तरी बोर्ड जळला, असंही होतं. तेव्हा दोष बाहेरच्या लाइनचा असू शकतो. खांबावरची न्यूट्रलची तार तुटली की काही घरांत २३० ऐवजी ४०० च्या जवळपास व्होल्टेज जातं. खूण अशी, की काही बल्ब एकदम लख्ख होतात आणि त्याच वेळी काही मंदावतात. तसं दिसताच मेन स्विच पाडा आणि १९१२ वर तक्रार करा. टीव्ही, चार्जर यांसारख्या थेट भिंतीवर चालणाऱ्या वस्तूंचे बोर्ड मात्र घरी उघडू नका. त्यांच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये रोजच सव्वातीनशे व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहतात. मेकॅनिकला एवढंच सांगा, ‘लाइट जास्त आली होती.’ फ्यूजच्या शेजारी बहुधा निळी चकती असते, ती जास्त व्होल्टेज अंगावर घेऊन फुटते. नुसता फ्यूज बदलला तरी यंत्र सुरू होतं, पण पुढच्या वेळी त्याला वाचवायला कुणी नसतं. म्हणून चकती बदलली का, हे विचारा. पहिल्यांदा चालू करताना जो मधे सिरीज बल्ब लावतो, तो मेकॅनिक जाणता समजा.

घरी एक स्वस्त उपाय आजच करता येईल. अडॅप्टरवर आणि त्याच्या यंत्राच्या खोबणीजवळ एकाच रंगाच्या नेलपॉलिशचा ठिपका द्या. लाल लालला, हिरवा हिरव्याला. चष्मा नसला तरी चालतं.

राहिला दुधाचा किंवा धान्याचा इलेक्ट्रॉनिक काटा. त्याचा अडॅप्टर तपासा, बॅटरी तपासा, पण काटा उघडू नका. खरेदी-विक्रीच्या काट्यावर वैधमापन शास्त्र विभागाचं सील असतं, आणि तो दुरुस्त करायला परवानाधारकच लागतो. दुरुस्तीनंतर पुन्हा पडताळणी करून नवा शिक्का घ्यावा लागतो. दुरुस्त होऊन आलेल्या काट्यावर तो शिक्का दिसेपर्यंत दूध मोजायला दुसरा काटा मागून आणा.