ट्रॉलीचे हब आणि ब्रेक : निघण्यापूर्वी पाहून घ्या

दिवाळीच्या सुमारास धाराशिव जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. कायद्याला मान्य नसले तरी ट्रॉलीत भांड्यांशेजारी म्हातारी बसते, गोधडीत लेकरू झोपते. बालाघाटाच्या उतारावर ही सारी माणसे चाकांच्या हबांवर विसंबून असतात. ट्रॅक्टर चालवणाऱ्या बांधवांनी म्हणून आधी एक दिवस चाकांना द्यावा.

रिकामी ट्रॉली सपाट जागी उभी करा. बाकीच्या चाकांना दगड लावा. नुसत्या जॅकवर विसंबू नका, ॲक्सलखाली भक्कम घोडी द्या. हब उतरवून जुने ग्रीस डिझेलने धुवा. बेअरिंग निळे पडले किंवा त्यावर खड्डे दिसले तर रोलर आणि हबमधली कडी जोडीनेच बदला. ऑइल सील नवे घाला. ओढ्याचे पाणी तिथूनच शिरते. नवे ग्रीस रोलरच्या आतपर्यंत दाबून भरा. चाक फिरवत नट आवळा, मग किंचित सैल करा. चाक मोकळे फिरावे, पण डुलू नये. स्प्लिट पिन नवीच घाला.

ब्रेकचे लायनर दोन्ही चाकांचे एकदम बदला. त्यांना ग्रीसचा हात लावू नका. ड्रममधली धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. पाच-दहा किलोमीटरवर थांबून हब तापला का पाहा.

ट्रॉलीला ब्रेकच नसेल तर मालकाकडे मागा. हे मागणे उपकाराचे नाही. मागे आपली माणसे बसलेली असतात.