फोनचा होल्डर निवडताना : आठवण पुन्हा तशीच सांगितली जात नाही

हैदराबाद : १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या फौजेने शरणागती पत्करली आणि हैदराबाद संस्थानाचा वेगळे राहण्याचा हट्ट संपला. त्या दिवशी दहा-बारा वर्षांची असलेली मुले आज पंच्याऐंशीच्या पुढे गेली आहेत. काचीगुडा, सुलतान बाजार, इसामिया बाजार या भागांतील जुन्या मराठी कुटुंबांकडे रझाकारांच्या दिवसांच्या, स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील लढ्याच्या आणि सोडाव्या लागलेल्या घरांच्या आठवणी आहेत. त्या प्रत्यक्ष सांगू शकणारी माणसे मात्र वर्षागणिक कमी होत आहेत. गोव्याची स्थिती याहून फार वेगळी नाही. १९ डिसेंबर १९६१ रोजी शाळकरी वयात असलेली पिढी सत्तरी ओलांडून गेली असून, त्याआधीच्या सत्याग्रहींपैकी मोजकेच आज हयात आहेत.

या आठवणी टिपून ठेवण्यासाठी आज चित्रीकरण पथकाची गरज नाही. २००० साली सुरू झालेल्या ई टीव्ही मराठी वाहिनीचे कामकाज हैदराबादजवळच्या रामोजी फिल्म सिटीतून चालत असे. त्या काळी एक मुलाखत टिपायची तर कॅमेरा, दिवे आणि ती हाताळणारी माणसे लागत. आज नातवंडांच्या खिशातला फोन पुरतो. शॉन बेकर यांचा ‘टँजरीन’ हा २०१५ चा चित्रपट फोनवरच चित्रित झाला होता. कॅमेऱ्याचा प्रश्न अशा रीतीने सुटला आहे. उरला आहे तो फोन तासभर स्थिर धरून ठेवण्याचा.

हातात का धरू नये?

हात काही मिनिटांत दुखू लागतो आणि चित्र डोलू लागते, हे कारण उघड आहे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. वडीलधारी माणसे आठवणी सांगतात त्या समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहून. समोरचा माणूस पडद्यावर डोळे लावून बसला की सांगण्याचा ओघ आटतो. सांगणाऱ्याला ऐकणारा हवा असतो. फोन धरणारा नको असतो. फोन ट्रायपॉडवर गेला की ऐकणारा मोकळा होतो. मात्र ट्रायपॉडला फोन थेट जोडता येत नाही. त्या दोघांमध्ये जो चिमटा लागतो, त्याला बाजारात ‘मोबाइल होल्डर’ म्हणतात. ट्रायपॉड पारखून घेतला जातो आणि त्यासोबत मिळालेला होल्डर तसाच वापरला जातो. फोन पडतो तो बहुधा याच दुव्यामुळे.

दोन सुती स्क्रू

होल्डरच्या तळाशी आटे असलेले छिद्र असते. त्यात ट्रायपॉडचा स्क्रू बसतो. या स्क्रूचा व्यास पाव इंच, म्हणजे हार्डवेअरच्या भाषेत दोन सूत, आणि एका इंचात २० आटे असतात. मोठ्या, व्यावसायिक ट्रायपॉडला तीन सुती, म्हणजे ३/८ इंचाचा, स्क्रूही आढळतो. त्यासाठी छोटे अडॅप्टर मिळते. ही मापे आंतरराष्ट्रीय प्रमाणित असल्याने हैदराबादच्या कोटी भागातून आणलेला होल्डर पणजीत घेतलेल्या ट्रायपॉडवर बिनचूक बसतो. हरवलेल्या स्क्रूऐवजी ६ मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट मात्र लावू नये. तो वरवर बसल्यासारखा वाटतो, पण त्याचा व्यास थोडा कमी आणि आट्यांमधील अंतर वेगळे असल्याने पकड येत नाही.

हे छिद्र धातूचे आहे की प्लॅस्टिकचे, हे सर्वप्रथम पाहावे. प्लॅस्टिकमधले आटे वारंवार आवळून झिजतात आणि मग होल्डर फोनसह स्वतःभोवती फिरू लागतो. होल्डरचे अंग प्लॅस्टिकचे असले तरी चालेल. आटे धातूच्याच चकतीत असावेत.

पकड तीन प्रकारची

स्प्रिंगचा होल्डर सर्वांत स्वस्त आणि वापरायला सोपा. जबडा ओढायचा, फोन ठेवायचा, सोडायचा. परंतु जबडा नेहमी ताणलेला राहिल्यास स्प्रिंग सैल पडत जाते. गोव्याच्या खारट, दमट हवेत साध्या पोलादी स्प्रिंगला गंजही लवकर चढतो. दहा-पंधरा मिनिटांच्या कामाला हा पुरेसा आहे.

स्क्रूने आवळण्याच्या होल्डरला बसवायला थोडा अधिक वेळ लागतो. पण पकड स्प्रिंगच्या मर्जीवर राहत नाही. एकदा आवळला की तो तसाच राहतो. दीर्घ मुलाखत, कीर्तन किंवा जत्रेतील नाटक टिपायचे असेल तर हाच निवडावा. आवळताना फोन हलायचा थांबला की हात थांबवावा. त्यापुढे जोर लावल्यास काच किंवा कडा दुखावते.

चुंबकी होल्डर सर्वांत देखणा. ॲपलने २०२० मध्ये आयफोन १२ पासून फोनच्या पाठीत चुंबकांचे कडे बसवले आणि हा प्रकार रूढ झाला. असे कडे नसलेल्या फोनसाठी चुंबकी कव्हर किंवा चिकटवायची धातूची रिंग लागते. जाड, साधे कव्हर मध्ये आले की पकड कमी होते आणि घामट हवेत चिकटवलेली रिंग सुटू शकते. टेबलावरच्या छोट्या चित्रीकरणाला चुंबक ठीक आहे. माणसांची ये-जा असलेल्या ठिकाणी त्यावर विसंबू नये.

माप कव्हरसह घ्यावे

आयफोन १५ ची रुंदी सुमारे ७२ मिलिमीटर, तर गॅलेक्सी एस २४ अल्ट्राची ७९ मिलिमीटर आहे. कव्हरमुळे त्यात आणखी काही मिलिमीटरची भर पडते. होल्डरचा जबडा किती मिलिमीटरपर्यंत उघडतो हे वेष्टनावर छापलेले असते. आपल्या फोनची कव्हरसह रुंदी त्या आकड्याच्या थोडी आतच असावी. शेवटच्या टोकापर्यंत ताणलेला जबडा भरवशाचा नसतो.

फोनच्या कडेला आवाजाची आणि पॉवरची बटणे असतात. जबडा त्यांच्यावर आला तर चित्रीकरण मध्येच थांबू शकते. त्यामुळे अरुंद जबड्याचा होल्डर सोयीचा. तो बटणांपासून बाजूला सरकवता येतो. मात्र फोनचा तोल राहावा म्हणून तो शक्य तितका मध्यभागीच ठेवावा. चार्जिंगचे छिद्र मोकळे राहते ना, हेही पाहावे, कारण तासाभराच्या चित्रीकरणात पॉवर बँक जोडावी लागू शकते.

आणखी दोन सोयींसाठी थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही. फोन आडवा आणि उभा दोन्ही प्रकारे फिरवून पक्का करता येणे, ही पहिली. वरच्या बाजूला माइक किंवा छोटा दिवा सरकवण्याची खाच, ही दुसरी. आठवणींच्या चित्रीकरणात चित्र थोडे फिकट असले तरी चालते. शब्द ऐकू आला नाही तर सारे व्यर्थ ठरते.

दुकानात करायची परीक्षा

हैदराबादेत अशा वस्तूंसाठी कोटीतील गुजराती गल्ली आणि अबिड्सचे जगदीश मार्केट प्रसिद्ध आहे. गोव्यात पणजी, मडगाव, म्हापसा येथील मोबाइल दुकानांत हेच प्रकार मिळतात. दुकान कोणतेही असो, आपला फोन कव्हरसह होल्डरमध्ये बसवून पाहावा. खाली दुसऱ्या हाताचा तळवा धरून होल्डर उलटा करावा आणि हळूच हलवावा. फोन तसूभरही सरकला तर तो होल्डर परत द्यावा. मग तो ट्रायपॉडवर बसवून फोन आडवा करावा, चित्रीकरण सुरू करून ट्रायपॉडच्या पायाला बोटाने टिचकी मारावी आणि चित्र पुन्हा पाहावे. थरथर क्षणात थांबली तर जोड पक्की आहे. चित्र बराच वेळ डोलत राहिले तर दोष सांध्यात असतो. जबड्याच्या आतले रबर घट्ट बसलेले आहे का, हेही नखाने तपासावे.

बैठकीच्या दिवशी

फोन सांगणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा. खुर्चीवर बसलेल्या माणसासाठी ही उंची साधारण चार फूट येते. ट्रायपॉडचा एक पाय फोनच्या पुढच्या बाजूस ठेवल्यास तोल सावरतो. फोन एअरप्लेन मोडवर टाकावा. मध्येच आलेल्या कॉलने चित्रीकरण तुटते आणि त्याबरोबर बोलण्याचा धागाही. होल्डर आदल्या दिवशीच बसवून अर्धा तास तसाच ठेवून पाहावा.

फोन घसरला तर काच बदलता येते. पंच्याऐंशी वर्षांच्या आजींनी एकदा रंगून सांगितलेली गोष्ट दुसऱ्या वेळी संक्षेपात येते, कधी येतही नाही. होल्डर घेताना किमतीइतकाच याचाही हिशेब करावा.