रिकाम्या जागा, महापालिकेचे अधिकार आणि आपली हजेरी

नोकरीच्या काळात मी एका दुसऱ्या गावी राहत होतो. आमच्या वसाहतीच्या मागे एक मोकळी जागा होती. मुले तेथे क्रिकेट खेळत, भीमजयंतीचा मंडप तेथेच पडत असे. ती जागा मैदानाचीच आहे असे आम्ही सर्वजण धरून चाललो होतो. एके दिवशी सकाळी पाहतो तो चारी बाजूंनी तारेचे कुंपण! आम्ही दहा-पंधरा जण संबंधित कार्यालयात गेलो. तेथील कारकुनाने शांतपणे एक कागद काढून दाखविला. जागेचा वापर बदलण्याची सूचना प्रसिद्ध झाली होती, हरकतींची मुदतही संपली होती आणि आमच्या वसाहतीतून एकही हरकत आलेली नव्हती. आम्ही मान खाली घालून परत आलो.

त्या दिवशी एक गोष्ट मनाशी पक्की झाली. कोणतीही जागा कायमची रिकामी राहत नाही. आज ना उद्या तिचे काहीतरी होते. तेथे वाचनालय होणार की गाळे होणार, हे कोणत्या तरी सभेत आणि कोणत्या तरी कागदावर ठरते. त्या सभेची व त्या कागदाची ज्याला माहिती असते त्याचेच म्हणणे नोंदले जाते. आपल्या समाजाच्या वस्त्यांत जागेची टंचाई सर्वांत जास्त आहे. म्हणून ही माहिती सर्वांत अगोदर आपल्याला असावयास हवी.

सोलापूरची पार्श्वभूमी

सोलापूरला नगरपालिका १८५२ साली मिळाली आणि १ मे १९६४ रोजी महानगरपालिका अस्तित्वात आली. १८७७ साली सुरू झालेली जुनी गिरणी, पुढे लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्यांच्या भोंग्यांवर या शहराचे घड्याळ चालत असे. एकेक करून हे भोंगे थांबले. कामगारांच्या चाळी, गिरण्यांची आवारे, कुलूप लागलेली घरे यांचे पुढे काय, हा प्रश्न त्यामुळे प्रत्येक पेठेत उभा राहिला.

दुसरीकडे ५ मे १९९२ रोजी शहराची हद्दवाढ झाली आणि क्षेत्रफळ १७८.५७ चौरस किलोमीटर झाले. आसपासची गावठाणे, शेतजमिनी, नवे लेआउट एकदम शहरात आले. म्हणजे जुन्या भागात पडके वाडे आणि हद्दवाढ भागात मोकळे भूखंड, अशी आपल्या शहराची दुहेरी अवस्था आहे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेनऊ लाखांवर होती. एवढ्या पसाऱ्यावर केवळ अधिकाऱ्यांनी लक्ष ठेवावे ही अपेक्षा व्यवहारात पुरी होत नाही.

रिकामी जागा चार प्रकारची

तक्रार करण्यापूर्वी जागा कोणत्या प्रकारची आहे हे ओळखावे. प्रकारानुसार कायदाही बदलतो आणि खातेही बदलते.

पहिला प्रकार पडक्या किंवा धोकादायक इमारतीचा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ नुसार पडण्याच्या बेतात असलेली इमारत दुरुस्त करण्याची, रिकामी करण्याची किंवा पाडण्याची नोटीस आयुक्त देऊ शकतात. ३० वर्षांहून जुन्या इमारतींची मजबुती तपासून दाखला घेणे हेही याच कायद्यात आहे. २०१५ च्या शासन निर्णयानुसार अशा इमारतींचे वर्ग पाडले जातात. 'सी-१' म्हणजे अतिधोकादायक व तात्काळ पाडण्याजोगी. 'सी-२ अ' म्हणजे रिकामी करून दुरुस्त करण्याजोगी. 'सी-२ ब' म्हणजे रहिवासी न हलविता दुरुस्त करण्याजोगी, आणि 'सी-३' म्हणजे किरकोळ दुरुस्तीची.

येथे भाडेकरूंनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इमारत पाडली म्हणजे भाडेकरूचा हक्कही संपला, असे सांगून अनेकांना बाहेर काढले जाते. सांगलीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केले की महापालिकेने इमारत पाडली तरी तेवढ्याने भाडेकरार संपत नाही. म्हणून घर सोडण्यापूर्वी आपल्या ताब्यातील क्षेत्राची मोजणी करून घ्यावी. भाडेपावती, वीजबिल व मोजणीचा कागद जपून ठेवावा.

दुसरा प्रकार खासगी मोकळ्या भूखंडाचा. मालक परगावी असतो, भूखंडावर काटेरी बाभूळ माजते, डबकी होतात. जागा खासगी असली तरी तिच्यामुळे शेजाऱ्यांच्या आरोग्याला बाधा येत असेल तर साफसफाई करण्याची नोटीस मालकाला देण्याचा अधिकार महापालिकेला आहे. मालकाने दाद दिली नाही तर महापालिका काम करून खर्च वसूल करू शकते. जागा मोकळी आहे म्हणून ती मालमत्ता कराच्या बाहेर जात नाही, हेही लक्षात घ्यावे.

तिसरा प्रकार आरक्षित भूखंडाचा, आणि सर्वांत जास्त नुकसान येथेच होते. शहराच्या विकास आराखड्यात शाळा, दवाखाना, उद्यान, क्रीडांगण यांसाठी खासगी जमिनी आरक्षित केलेल्या असतात. आराखड्यात हिरवा किंवा पिवळा रंग भरला म्हणजे जागा आपली झाली असे नाही. प्रादेशिक व नगररचना अधिनियमाचे कलम १२७ असे सांगते की आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत ती जमीन घेतली गेली नाही, तर मालक खरेदीची सूचना देऊ शकतो. त्या सूचनेनंतर २४ महिन्यांत जमीन घेतली नाही किंवा संपादनाची कार्यवाही सुरू केली नाही, तर आरक्षण रद्द झाल्याचे मानले जाते. मालकाला मोबदला मिळाला पाहिजे हे न्याय्यच आहे. पण कार्यालयात सूचना पडून राहिली आणि २४ महिने उलटले, तर मुलांचे क्रीडांगण कोणताही गाजावाजा न होता जाते.

चौथा प्रकार महापालिकेच्या स्वतःच्या मालमत्तेचा. बंद शाळाखोल्या, रिकामे गाळे, समाजमंदिरे, तसेच मंजूर लेआउटमध्ये सोडलेली खुली जागा यात येतात. मोठ्या लेआउटमध्ये १० टक्के जागा खुली ठेवावी लागते आणि ती तेथील सर्व रहिवाशांच्या वापरासाठी असते. महापालिकेची मालमत्ता भाडेपट्ट्याने द्यावयाची तर त्यासाठी कायद्याची पद्धत आहे आणि सर्वसाधारणपणे चालू बाजारभावापेक्षा कमी मोबदला घेता येत नाही. म्हणून कोणता गाळा कोणाला, किती वर्षांसाठी आणि किती भाड्याने दिला, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक करदात्याला आहे.

सभा कोणासाठी उघडी असते?

पुष्कळांचा समज असा की महापालिकेची सभा फक्त नगरसेवकांसाठी असते. हा समज चुकीचा आहे. कायद्याच्या नियमांप्रमाणे महिन्यातून किमान एक सर्वसाधारण सभा व्हावी लागते. हजर असलेल्या सभासदांच्या बहुमताने वेगळे ठरविले नाही, तर ती सभा जनतेला खुली असते. नागरिकाला तेथे बोलता येत नाही, परंतु बसून ऐकता येते. आपल्या प्रभागाचे दहा लोक सज्जात बसलेले दिसले की तहकूब होऊ घातलेला विषयही चर्चेला येतो. बोलावयाचे ते नगरसेवकामार्फत. त्यांच्या हाती विषयाचे लेखी टिपण अगोदर द्यावे आणि त्यांनी प्रश्न विचारला की नाही हे सज्जातून पाहावे.

७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ रोजी अमलात आली. तीन लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात, असे तिने घटनेतच लिहून ठेवले. आपल्या राज्याच्या कायद्यात याविषयी एक तरतूद आहे, तिच्याकडे सामाजिक संस्थांचे सहसा लक्ष जात नाही. प्रभाग समितीवर त्या भागात समाजकल्याणाचे काम करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांचे जास्तीत जास्त तीन सदस्य नामनिर्देशित करता येतात. ते त्याच भागातील मतदार असावे लागतात. आपल्यासारख्या नोंदणीकृत संस्थेने नोंदणी प्रमाणपत्र, हिशेब व कार्यअहवाल व्यवस्थित ठेवला, तर हे दार आपल्यालाही ठोठावता येते. २००९ साली मतदारांच्या क्षेत्रसभेची तरतूदही कायद्यात आली. गावात जशी ग्रामसभा, तशी शहरात वस्तीची सभा, असा तिचा हेतू. शहरांतून ती फारशी रुजली नाही, याचे एक कारण ती मागणारेच थोडे, हेही आहे.

सभागृह नसले म्हणजे काय होते, हे सोलापूरकरांनी नुकतेच अनुभवले आहे. मार्च २०२२ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत संपली आणि १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान होईपर्यंत कारभार प्रशासकाकडे होता. ठराव करणारा आणि तो अमलात आणणारा एकच, अशी ही व्यवस्था. जवळजवळ चार वर्षे सज्जात बसून ऐकण्यासारखी सभाच नव्हती. म्हणून सभागृह असताना त्याचा उपयोग न करणे आपल्याला परवडणारे नाही.

ठराव आणि अंमल

ठराव झाला म्हणजे काम झाले, अशा भ्रमात कोणी राहू नये. याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. रावबहादूर सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई कायदे मंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला. महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. पण तळ्याचे पाणी कोणाला मिळाले नाही. ते मिळविण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारोंसह तळ्यावर जावे लागले. त्यानंतर ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला. प्रकरण न्यायालयात गेले तेव्हा तळे खासगी की नगरपालिकेचे हा प्रश्न निघाला आणि सिटी सर्व्हेच्या नोंदी पुराव्यात आल्या. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. सत्याग्रहाचे धैर्य आणि दप्तरातील नोंद, या दोहोंची गरज बाबासाहेबांनी ओळखली होती.

नियमातील एखाद्या शब्दाने काय होते, हे मुंबईच्या गिरणी जमिनींवरून कळते. १९९१ च्या नियमानुसार गिरणीची जमीन विकसित करताना ढोबळमानाने एकतृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एकतृतीयांश घरांसाठी आणि उरलेली मालकाला, अशी वाटणी होती. २००१ च्या बदलाने ही वाटणी केवळ मुळात मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती राहिली. गिरण्यांची बहुतेक जमीन बांधकामाखाली होती. त्यामुळे शहराचा वाटा फारच आकसला, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल कायम ठेवला. याउलट दादरच्या चैत्यभूमीलगतची इंदू मिलची सुमारे साडेबारा एकर जागा लोकांनी मागणी लावून धरल्यामुळे स्मारकासाठी मिळाली. २०१२ च्या डिसेंबरात केंद्राने ती देण्याचे जाहीर केले आणि ११ ऑक्टोबर २०१५ रोजी तेथे भूमिपूजन झाले.

संस्थेने आणि विद्यार्थ्यांनी काय करावे?

पहिले काम नोंदवहीचे. विद्यार्थ्यांनी सुटीत आपल्या प्रभागातील रिकाम्या जागांची यादी करावी. सिटी सर्व्हे किंवा गट नंबर, चतुःसीमा, सध्याची स्थिती आणि मालक कोण, एवढे रकाने पुरेत. नगररचना कार्यालयात विकास आराखडा पाहून त्या जागेवर आरक्षण आहे काय, हे शेवटच्या रकान्यात लिहावे.

दुसरे काम अर्जाचे. जे समजत नाही ते माहितीच्या अधिकारात विचारावे. अर्जाचे शुल्क १० रुपये असून दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला ते नाही. उत्तर ३० दिवसांत मिळाले पाहिजे. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे. म्हणून "सर्व माहिती द्यावी" असे न लिहिता "अमुक आरक्षणाबाबत कलम १२७ ची सूचना आली आहे काय, असल्यास कोणत्या तारखेला" असे नेमके विचारावे.

तिसरे काम वर्तमानपत्रातील जाहीर सूचना वाचण्याचे. आराखड्यात किरकोळ फेरबदल करावयाचा असला की कलम ३७ खाली हरकतींसाठी एक महिना मिळतो. संस्थेच्या वाचनालयात येणाऱ्या वर्तमानपत्रांतील अशा सूचना कापून फलकावर लावण्याची जबाबदारी एका सभासदाने घ्यावी. हरकत लेखी द्यावी, पोच घ्यावी आणि सुनावणीला जावे.

चौथे काम हजेरीचे. प्रत्येक सर्वसाधारण सभेला पाळीपाळीने दोन सभासद आणि दोन विद्यार्थी पाठवावेत. त्यांनी आपल्या भागाचे विषय टिपून आणावेत आणि संस्थेच्या मासिक बैठकीत वाचून दाखवावेत. काही महिन्यांनी त्याच ठरावांचे पुढे काय झाले, हेही विचारावे.

यातील कोणतेही काम पैशाचे नाही, वेळेचे आहे. त्या गावी आमच्या वसाहतीत शिकलेले लोक पुष्कळ होते. कायदा वाचू शकणारेही होते. फक्त त्या एका महिन्यात कोणी वर्तमानपत्राचे ते पान उघडले नाही, आणि मुलांचे मैदान गेले. आपल्या संस्थेच्या पुढील बैठकीत नोंदवही सुरू करण्याचा विषय घ्यावा आणि पहिल्या पानावर आपल्या घरासमोरच्या रिकाम्या जागेचा नंबर लिहावा, एवढीच सर्व सभासदांना व विद्यार्थ्यांना नम्र विनंती.